आमचा धंदा गुन्हा, त्यांचा धंदा वारसा



गेल्या जानेवारीत आम्ही काही कार्यकर्ते उरणला गेलो होतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-पागोटे भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले, त्यांना अभिवादन करण्याचे ते दिवस. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली आणि तासाभरात मोरा बंदराला उतरलो. कापूस-ज्वारीच्या मुलखातल्या माणसांना एवढे पाणी एकदम पाहायची सवय नसते. आम्ही पाण्याकडे बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या प्रवाशाने हातातला कागद आमच्यापुढे धरला. दलालाचे छापील पत्रक होते. "ऐतिहासिक कौलारू घर, विहीर व वाडीसह, चालू घरगुती व्यवसायांसह विकणे आहे. मुंबई आता हाकेच्या अंतरावर."

जुने घर विकायला निघाले, यात नवल काही नाही. पण "चालू घरगुती व्यवसायांसह" हे शब्द आमच्या डोक्यातून जाईनात. शेत विकताना आपण उभ्या पिकासह विकतो, बैल विकताना दावे सोडून विकतो. चालू धंद्यासह घर म्हणजे काय? उतरल्यावर वेळ होता. विचारत विचारत घर गाठले.

ओट्यावर एक म्हातारी बाई सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत बसली होती. मागच्या अंगणात वाळवण घातलेले, पडवीत पापडाचे पाट. हेच ते चालू व्यवसाय. आम्ही विचारले, "मावशी, धंदा चालू आहे, मग घर विकता कशाला?" ती म्हणाली, "धंदा माझा हाय, घर दिरांचे नावावर हाय." घेणारा काय म्हणतो? तो म्हणतो, मावशी, तुम्ही कुठे जाऊ नका. आम्ही वर पाहुण्यांसाठी खोल्या काढू, तुम्ही खाली बोंबील वाळवा, पापड लाटा, पाहुण्यांना जेवण रांधा. महिन्याला पगार देऊ.

चाळीस वर्षे जिने तो धंदा उभा केला, ती एका सहीने त्याच ओट्यावर पगारी बाई होणार. आणि ती सहीसुद्धा तिची नाही.

परत येताना आमची चर्चा एवढ्यावरच चालली. हा कागद मोऱ्यापुरता नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ ला पुरा झाला. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना: आपल्याच कापसाच्या पट्ट्यातून तो जातो. रस्ता आला की त्याच्यामागून दलाल येतोच. आपल्याकडचे पडके वाडे, देशमुखी असोत की साध्या कुणब्याचे, आज ना उद्या अशा पत्रकावर छापले जाणार. म्हणून ही गोष्ट आपण वेळेवर समजून घेतली पाहिजे.

घराला भाव कशाचा?

माती, दगड, सागवान यांचा भाव किती होतो हे ज्यांनी वाडा पाडून लाकूड विकले त्यांना विचारा. घनफुटाच्या हिशेबाने खांब जातात, तुळया जातात, नक्षीचा दरवाजा शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जातो, आणि मागे उरलेल्या पांढरीच्या मातीला कुणी विचारत नाही. वाड्याला खरा भाव असतो तो त्यात चालणाऱ्या कामाचा. आपला वाडा हा राहण्याचा बंगला कधीच नव्हता. बळदात धान्य, पेवात ज्वारी, ढाळजेत देणे-घेणे, सोप्यात कापसाचा ढीग, माजघरात जाते, परसात गोठा. तो एक छोटा कारखाना होता. माणसे त्या कारखान्यात राहत, एवढेच.

आता एकेक खोली रिकामी कशी झाली ते पाहू. आणि आधी मोऱ्याचे पाहू, कारण तिथला हिशेब आपल्यापेक्षा जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात उरणच्या त्या टोकावर दोन मोठे धंदे होते, मीठ आणि दारू. खाजणात मिठागरे होती. मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या, पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईला जाई. गोऱ्या सरकारची नजर दोन्हींवर गेली. मिठावर कर बसला आणि आपल्या दारातल्या खाऱ्या पाण्याचे मीठ करणारा माणूस चोर ठरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू आणि ताडी सरकारी परवान्याच्या मुठीत गेली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांवर रोख ठेवून मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा केला. भट्टी राहू द्या, रानात पडलेले फूल घरात आणून ठेवायचे तरी सरकारला विचारून!

दारूची वकिली आम्ही करीत नाही. दारूने गावोगावच्या संसारांची राख कशी झाली हे आपल्या मायबहिणींना माहीत आहे आणि दुकाने बंद करायला त्याच पुढे झाल्या. पण सरकारची रीत नीट पाहा. सरकारला दारू नको होती असे नाही. दारूचा महसूल हवा होता, आणि तो गोळा करायला हजार घरांपेक्षा दहा मक्तेदार सोयीचे. म्हणून मोठ्याची भट्टी धंदा, झोपडीतली भट्टी गुन्हा. गोरे गेले, रीत राहिली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गावातल्या बाईला हातभट्टीसाठी पोलीस आजही धरतात. आणि २००७ नंतर याच राज्याच्या सरकारने ज्वारी-मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना परवाने दिले, वर अनुदान देऊ केले. ज्वारी आमची. ती आमच्या घरात आंबली तर पाप, पुढाऱ्याच्या कारखान्यात आंबली तर औद्योगिक विकास.

मोऱ्याच्या आसपासचा पुढचा अध्याय जमिनीचा. १९७० मध्ये नवी मुंबईची आखणी झाली आणि ठाणे-कुलाब्याच्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. भातशेती गेली, मिठागरे गेली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याला मोठे बंदर सुरू झाले. शेतकऱ्यांना मोबदला किती द्यायचा हे सरकारने ठरवले, आणि वाढवून मागितला तेव्हा गोळ्या मिळाल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. देशभरच्या भूसंपादनाच्या लढ्यांना त्याचा दाखला झाला. पण घरांचे काय? कुटुंबे वाढली, गावठाण वाढले नाही, पोरांनी बापाच्या घराशेजारी खोल्या बांधल्या आणि त्या अनधिकृत ठरल्या. 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे त्यांचे सरकारी नाव. ती नियमित करण्याचे निर्णय पुन:पुन्हा निघतात, म्हणजेच प्रश्न संपत नाही.

आणि आता भाव आला. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा सेतू उघडला, रेल्वे उरणपर्यंत आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पन्नास वर्षे धंदा, जमीन, घर या सगळ्यांची किंमत पाडून ठेवली, आणि ज्या दिवशी किंमत वर यायला लागली त्या दिवशी विकत घेणारा दारात हजर. पाडलेल्या भावात माल घ्यायचा आणि चढल्यावर विकायचा, हा खेळ कापसाच्या बाजारात आपण जन्मभर पाहतो. तो घराच्या बाबतीतही तसाच चालतो.

आपल्या वाड्याचे काय झाले?

खोटे बोलायचे नाही. वाड्यातला प्रत्येक धंदा सरकारनेच बुडवला असे आम्ही म्हणणार नाही. घरातला हातरेचा वाफेच्या जिनाने मारला, जाते पिठाच्या चक्कीने मारले. जात्यावरून बायका सुटल्या याचा आम्हाला आनंदच आहे. यंत्राशी आमचे भांडण नाही. भांडण हे आहे की पुढचे यंत्र आमच्या ओसरीवर बसू दिले नाही.

कापूस घ्या. महाराष्ट्र राज्य कापूस कायदा १९७१ चा, त्याखाली एकाधिकार खरेदी १९७२ पासून. घरगुती वापराचा कापूस सोडला, तर पिकवणाऱ्याने आपला माल सरकारखेरीज कुणाला विकायचा नाही. बैलगाडी राज्याच्या सीमेपलीकडे गेली तर गुन्हा. आता सांगा, दहा शेतकऱ्यांनी मिळून पडक्या वाड्यात लहान जिन टाकला असता, तर रुई विकली कुणाला असती? २००२ पर्यंत म्हणजे तीस वर्षे हा फास होता. जी तीस वर्षे कापसाच्या गावात सरकी, ढेप, तेल, सूत यांचे लहान धंदे रुजायची, ती तीस वर्षे आम्ही खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगेत काढली आणि हप्त्याच्या चेकची वाट पाहिली.

ज्वारी घ्या. टंचाईच्या वर्षांत लेव्हीचा पहारा, पेवातली ज्वारी सरकारी भावाने काढून न्यायची. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त आला आणि ज्वारीचे गिऱ्हाईक गेले. डाळ, तेल यांच्यावर १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा. भाव जरा चढला की साठ्यावर मर्यादा. त्या भीतीने व्यापारी हात आखडतो आणि पडतो तो आपला भाव. असा कायदा डोक्यावर असताना ओसरीवर डाळमिल टाकायला कोण धजावेल?

आणि या सगळ्यातून जे उरले, त्यावर आयातीचा घाव. २०२५ साली कापसाचा हंगाम तोंडावर असताना, १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. बाजारात काय मिळाले ते प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर पाहावे. मग लग्न निघते, सावकार दारात येतो, आणि वाडा विकायला निघतो. वाडा स्वखुशीने कोणी विकत नाही. शेतीमालाचा भाव वाडा विकायला लावतो.

घेणाऱ्याला मात्र सगळे जमते

घेणारा येतो. वाड्याला चुना देतो, खांबांना तेलपाणी करतो, दारावर पाटी लावतो. आत लाकडी घाणा बसवतो आणि करडईचे तेल गिरणीच्या तेलाच्या दुपटीला विकतो. चुलीवरची ज्वारीची भाकरी पाहुण्याला वाढतो. कोपऱ्यात चरखा ठेवतो. हे सारे काम आपल्या आजीने केले तेव्हा त्याचे नाव मागासलेपण होते. आता त्याचे नाव वारसा!

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो कायद्याने वागतो, पैसा घालतो, धोका पत्करतो. प्रश्न असा की हेच काम आपल्याला का जमत नाही? २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकर शेत असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र नोंदवता येते. खाद्यपदार्थांची नोंदणीही लहान माणसाला अशक्य नाही. म्हणजे परवानगीचा कागद मिळतो. अडते ते भांडवलापाशी.

बँकेत जा. साहेब विचारतो, तारण काय? वाडा. वाड्याचा कागद? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. साहेब हसतो. तो घरपट्टीचा उतारा, मालकीचा नाही. दोनशे वर्षे उभा असलेला वाडा, चार पिढ्यांचे कुटुंब, आणि बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्य. गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना सुरू झाली ती २४ एप्रिल २०२० ला. स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी! शहरातला माणूस आपला फ्लॅट गहाण टाकतो आणि त्या पैशातून आपला वाडा घेतो. आपल्या हातात वाडा असून गहाण टाकायला कागद नाही. दोघांच्या अकलेत फरक नाही. त्याच्याकडे कागद आहे, आपल्याकडे नाही.

वाड्यामागच्या शेताचे पाहा. गावठाणातले घर कुणालाही विकता येते, पण शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकायची नाही. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा कूळकायदा, मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा, विदर्भाला १९५८ चा. नाव काय, तर शेतकऱ्याचे रक्षण. म्हणजे जमीन विकायची वेळ आली तर ती शेजारच्या शेतकऱ्याला विका, ज्याच्या खिशात तुमच्याइतकाच दुष्काळ आहे! गिऱ्हाईक कमी केले की भाव पडतो, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि हे रक्षण सगळ्यांपासून आहे का? १९९४ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. उद्योगासाठी ठरावीक क्षेत्रात दहा हेक्टरपर्यंत शेतजमीन बिगर-शेतकऱ्यालाही जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी न घेता घेता येऊ लागली. कोरडवाहू शेतकऱ्याला ५४ एकरांच्या वर जमीन ठेवता येत नाही, कारखानदाराच्या कारखान्यांना अशी मर्यादा नाही. ज्या कुंपणातून हत्ती जातो आणि शेळी अडते, ते कुंपण शेळीच्या रक्षणासाठी आहे असे कोण म्हणेल?

काही शहाणे म्हणतील, बंधन काढले तर शेतकरी पटापट जमिनी विकून रस्त्यावर येईल. हा युक्तिवाद करणाऱ्याने आपला फ्लॅट फक्त फ्लॅटवाल्यालाच विकण्याचा कायदा आधी स्वतःला लावून घ्यावा. शेतकरी जमीन विकतो तो भाव नाही म्हणून, मोकळीक आहे म्हणून नव्हे. मोकळीक नसतानाही तो विकतोच आहे, फक्त मातीमोलाने.

आता आपल्या घरातले बोलू

सरकारला शिव्या देऊन झाल्या की सभेत टाळ्या पडतात. पण मोऱ्याची ती बाई आम्हाला सोडत नाही. तिचा धंदा सरकारने काढून घेतला नव्हता. तो तिच्या दिरांनी पत्रकात छापला होता.

वाड्यात आज जो काही धंदा जिवंत आहे तो बहुतेक ठिकाणी बाईचा आहे. पापड, कुरड्या, शेवया, सांडगे, शिलाई, दोन म्हशींचे दूध. त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. वाडा विकताना तो "चालू व्यवसाय" म्हणून भाव वाढवायला उपयोगी पडतो, आणि पैसे वाटताना त्याचे नावही निघत नाही. शहरात दुकान विकले तर जागेचे पैसे वेगळे आणि चालत्या धंद्याचे वेगळे. नावलौकिकाची किंमत व्यापारी वसूल करतो. आपण मात्र बायकोची, भावजयीची, आईची चाळीस वर्षे जागेच्या भावात फुकट घालतो. सरकारने आपल्या घामाचा भाव दिला नाही म्हणून आपण रस्त्यावर येतो. घरात त्याच घामाचा भाव देताना आपण सरकार होतो.

कायदा बाईच्या बाजूने आहे, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात मुलाइतका वाटा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरचा हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये देशभर दिला, आणि बाप २००५ पूर्वी वारला असला तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. शेतकरी संघटनेने हे कायद्याची वाट न पाहता सांगितले होते. चांदवडचे महिला अधिवेशन १९८६ चे. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक गावांत नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. त्या गावांतल्या सातबारावर आज काय दिसते? आणि गावठाणातल्या घराचे काय? लक्ष्मीला शेत दिले, पण ती राहते ते घर दिले का?

विकायचेच असेल तर

वाडा विकू नका, असा फतवा आम्ही काढणार नाही. ज्याचा वाडा, त्याचा निर्णय. गिऱ्हाईक वाढले तर आम्हाला हवेच आहे. पण आंधळेपणाने सही करू नका.

पहिले, इसार घेण्याआधी मिळकत पत्रिका करून घ्या. मोजणी झाली असेल तर सनद ताब्यात घ्या, नावे तपासा. आजोबांचेच नाव चालत आले असेल तर वारसाचा फेरफार आधी. कागद पक्का झाला की भाव आपोआप चढतो. तो चढलेला भाव दलालाला का द्यायचा?

दुसरे, बहिणी, विधवा भावजय, आई यांना बसवून बोला. त्यांच्या सह्या पाठीमागून घ्यायच्या नाहीत. लपवलेला हिस्सा पुढे कोर्टात निघतो, आणि तेव्हा घेणारा पैसे अडवतो.

तिसरे, कुलमुखत्यारपत्र देऊ नका. खरेदीखतावर स्वतः सही करा आणि पैसे खात्यात आल्याशिवाय ताबा सोडू नका. घराचे आणि मागच्या शेताचे व्यवहार वेगवेगळे. शेतावर बंधन आहे म्हणून 'साठेखत करून ठेवू, पुढचे पुढे' असे कोणी म्हणाला तर उठून या.

चौथे, धंद्याचा भाव वेगळा लिहा. घाणा, यंत्रे, भांडी, गिऱ्हाईक, नाव या सगळ्यांचा वेगळा करार, आणि तो जिचा धंदा तिच्या नावाने. तिला पुढे तिथे काम करायचे असेल तर पगारावर की भागीदारीत, हे तिने ठरवावे.

पाचवे, घरावर कुठली सरकारी बंधने आहेत ते तहसिलात जाऊन पाहा. उरणकडे करंजाच्या नौदल शस्त्रागाराभोवतीच्या सुरक्षा पट्ट्याने कित्येक घरांची झोप उडवली आहे. आपल्याकडे धरणाचे बुडीत क्षेत्र असते, रस्त्याची रेघ असते. रेघ कुठून जाणार हे घेणाऱ्याला आधी कळते. विकणाऱ्याला शेवटी.

आणि विकण्याआधी एकदा स्वतःला विचारा: घेणारा या वाड्यात जे करणार आहे, ते चार घरांनी मिळून आपल्यालाच करता येईल का? येत असेल तर भाड्याने द्या, भागीदारीत द्या, पण मुळावर घाव घालू नका.

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवीत आहोत. एक, गावठाणातल्या प्रत्येक घराची मिळकत पत्रिका वर्षाच्या आत, आणि तीत बाईचे नाव. दोन, त्या पत्रिकेवर बँकेने तारण कर्ज द्यावे, शहरातल्या फ्लॅटला देते त्याच दराने. तीन, आपल्या घरात, गोठ्यात, शेतात आपल्या मालावर प्रक्रिया करणे ही शेतीच मानावी. त्यासाठी वेगळी परवानगी, साठ्याची मर्यादा, इन्स्पेक्टरची फेरी नको. चार, शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीवर कारखानदाराला जी मोकळीक १९९४ पासून आहे, ती शेतकऱ्याला द्यावी.

यात भीक कुठलीच नाही. दान नको, पॅकेज नको. जे घेणाऱ्याला जमते ते विकणाऱ्यालाही करू द्या, एवढेच मागणे आहे.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने घराचा उतारा सोबत आणावा. पुरुषांनी एकटे येऊ नये. उताऱ्यावर जिचे नाव नाही, तिलाच बरोबर आणावे. मोऱ्याच्या मावशीला आम्ही आमचा पत्ता देऊन आलो आहोत. दिरांनी सही मागितली तर आधी वारसाचा उतारा काढ, असे तिला सांगितले आहे. आम्ही निघालो तेव्हा ती जुड्या बांधत होती. पत्रकाचा कागद तिने खाली अंथरला होता.